मगदूम डॉक्टरांचा फोन

"लाइनमध्ये कुणीतरी खोकतं," त्रिशला म्हणाली.

मी जिन्याखालच्या भिंतीवरली टेलिफोनची डबी उघडत होतो. माझा हात थांबला, पण मी वळलो नाही.

"खोकतं म्हणजे?"

"खोकतं म्हणजे खोकतं. काल मी सांगलीच्या मैत्रिणीशी, सुनीतीशी, बोलत होते. ती गप्प, मी गप्प, आणि मधेच खोकला. कोरडा. बिडी ओढणाऱ्या माणसाचा असतो तसा."

"दुसऱ्याची लाइन चिकटली असेल. वायरीत ओल शिरली की एकाचं दुसऱ्याला ऐकू येतं."

"पाऊस थांबून महिना झाला, विलास."

मी डबीतले दोन स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. डबीत काहीही बिघडलेलं नव्हतं. माझ्याकडचा हँडसेट तारेला लावून एक्स्चेंजला नंबर विचारला, उगीच 'हॅलो हॅलो' केलं आणि झाकण बसवलं.

"आता बघ. आणि परत आवाज आला तर सांग."

"तुलाच सांगणार. दुसऱ्या कुणाला सांगू?" ती हसली आणि आत ताक आणायला गेली.

या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. कृष्णाकाठच्या त्या तालुक्याच्या गावात टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होतो, अजून कायम व्हायचा होतो. मगदूम डॉक्टरांच्या घरात मात्र मी चौदाव्या वर्षापासून जात होतो. वडील गेल्यावर आईचा दमा वाढला, तेव्हा आईला घेऊन त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसलो तो पहिला दिवस. डॉक्टर जिनदत्त मगदूम हे आयर्लंडला शिकून आलेले, पाच वर्षं तिथे राहून मुद्दाम गावी परतलेले. बायको लवकर गेली. घरात ते आणि एकुलती एक मुलगी. दुपारी शेवटचा रोगी गेला की मला समोर बसवून ते इंग्रजी व्याकरण घोकून घ्यायचे. खात्याची परीक्षा मी त्या बळावर पास झालो. नोकरीच्या अर्जाला चारित्र्याचा दाखला जोडावा लागतो, तोही त्यांच्याच सहीचा होता.

त्रिशला हायस्कुलात गणित शिकवायची. तिच्यात आणि माझ्यात काय होतं ते आम्ही कधी उच्चारलं नव्हतं. वाचनालयाची पुस्तकं एकमेकांच्या नावावर घ्यायची, ती परत करायला एकाच वेळी जायचं, आणि नदीच्या पुलापर्यंत सायकली हातात धरून चालत यायचं, एवढंच. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तेव्हा मात्र तिनं दारातच विचारलं होतं, "अण्णांशी तू बोलणार आहेस की मी बोलू?"

"दिवाळी होऊ दे."

"दिवाळी झाली की संक्रांत येईल."

"नाही. दिवाळी झाली की नक्की."

मी कुंभाराचा आणि ती जैन डॉक्टरांची लेक. अण्णा नाही म्हणणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक असूनही धीर होत नव्हता.

आणि दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आमचे सुपरवायझर नाडगौडा साहेब मला फ्रेमपाशी घेऊन गेले. गावातल्या सहाशे टेलिफोनच्या तारा जिथे येऊन बांधल्या जातात त्या लोखंडी चौकटीला आम्ही फ्रेम म्हणायचो. साहेबांच्या हातात एक घडी घातलेलं पत्र होतं.

"वाचू नकोस. नंबर तेवढा बघ. दोनशे सतरा. ह्यातनं एक जोडतार काढायची आणि मागच्या खोलीत न्यायची."

"साहेब, हा मगदूम डॉक्टरांचा नंबर."

"मला काय म्हाईत न्हाई व्हय? माझ्या पोरीचा टायफॉइड त्यांनीच काढला." साहेब खिडकीकडे बघत होते. "आपण हमाल आहोत, विलास. पोतं उचलायचं. आत गहू हाय का ज्वारी, ते बघायचं न्हाई."

मागच्या खोलीत दोन माणसं येऊन बसली. साध्या कपड्यातली, बाहेरगावची. त्यांच्यापुढे टेप रेकॉर्डर होता. त्यातल्या एकाला बिडीचा नाद होता.

कशासाठी, ते गावात सगळ्यांना कळण्यासारखं होतं. भाद्रपदात एक यंत्रमाग कामगार पोलीस चौकीत मेला होता. आजारी होता, अचानक गेला, असं कागदावर आलं. पण प्रेत घरी आल्यावर घरच्यांनी मगदूम डॉक्टरांना बोलावलं, आणि डॉक्टरांनी अंगावर जे जे दिसलं ते सगळं लिहून काढलं. कुठे वळ, किती बोटं लांब, कुठली नखं नाहीत. ते कागद त्यांनी नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या पुण्याच्या एका समितीला पाठवले. समितीनं विचारलं, साक्षीदार मिळतील का? डॉक्टर साक्षीदार शोधत होते.

मी तार जोडली. दहा मिनिटांचं काम.

त्रिशलाच्या हातचं ताक पिऊन मी परत आलो तो सोमवार होता. त्याच संध्याकाळी मेलेल्या कामगाराच्या भावानं, मारुतीनं, जयसिंगपुरातून डॉक्टरांना फोन केला. चौकीच्या आवारात त्या दिवशी हजर असलेले दोघेजण बोलायला तयार झालेत, उद्या अकराच्या गाडीनं घेऊन येतो, असं म्हणाला. मंगळवारी अकराची गाडी आली. मारुती आणि ते दोघे स्टँडवर उतरले आणि तिथूनच जीपमध्ये बसवून नेले गेले. तीन दिवसांनी सोडले. सोडल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या घराकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

बुधवारी मी आईचं औषध न्यायला दवाखान्यात गेलो. काउंटरमागे येसूबा नव्हता. येसूबा हा डॉक्टरांचा कंपाउंडर, बावीस वर्षं त्याच काउंटरमागे. बाटलीला कागदाच्या पट्टीनं खुणा करून द्यायचा, तो एक माणूस नसला की दवाखाना दवाखाना वाटत नसे. डॉक्टर स्वतःच औषध ओतत होते.

"येसूबा कुठंय?"

"त्याला नको म्हटलंय यायला." डॉक्टरांनी बाटलीला बूच लावलं. "मारुती कुठल्या गाडीनं येणार ते तिघांनाच ठाऊक होतं. मी, त्रिशला, आणि फोनशेजारी उभा असलेला येसू. मी त्याला काही बोललो नाही रे. फक्त म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. त्यानं पायताण घातलं आणि गेला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी बाटली पिशवीत घातली. बोलायला तोंड उघडलं असतं तर त्या क्षणी सगळं बाहेर पडलं असतं. मी पिशवी घेऊन घरी आलो.

गुरुवारी बाजारात मला येसूबाची बायको दिसली. तिनं मला बघून पदर पुढे ओढला. बावीस वर्षं गावाची औषधं जिच्या नवऱ्याच्या हातून गेली, ती बाई भाजीच्या पाट्यांमधून चोरासारखी चालली होती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची असायची. सगळी मुलं गेल्यावर मी त्रिशलाच्या वर्गात गेलो. ती फळा पुसत होती. अर्ध्या फळ्यावर अजून एक समीकरण होतं.

"येसूबानं काही केलं नाही," मी दारातच म्हणालो.

"मलाही वाटत नाही. पण अण्णांना दुसरं कुणी दिसत नाही."

"तुमचा फोन ऐकला जातो. एक्स्चेंजात. मागच्या खोलीत दोन माणसं बसतात. सगळं टेपवर घेतात."

ती वळली. डस्टर तिच्या हातात तसंच होतं.

"कधीपासून?"

"दसऱ्यानंतर चौथ्या दिवसापासून."

तिनं मनाशी दिवस मोजले. मग तिनं जे विचारलं ते मला तिच्याकडून अपेक्षितच होतं, ती गणिताची बाई होती.

"तार कुणी जोडली?"

"मी."

बाहेर शिपाई बाकं ओढत होता. तिनं डस्टर टेबलावर ठेवलं.

"म्हणजे त्या दिवशी तू आमच्या जिन्याखाली बसून मला ओल सांगत होतास."

"हो."

"आणि ताक प्यालास."

मी मान खाली घातली. ती पुढच्या बाकावर बसली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. खडूचे हात एकमेकांवर झटकत राहिली.

"सांगितलंस ते बरं केलंस," शेवटी ती म्हणाली. "अण्णांना मी फोनचं सांगते. तुझं नाव घेत नाही."

रविवारी सकाळी, भर रस्त्यातून, सगळं गाव बघत असताना मगदूम डॉक्टर येसूबाच्या घरी चालत गेले. दारात उभं राहून त्यांनी हात जोडले. येसूबा म्हणाला, "डाक्टर, चहा टाकलाय, आत तरी या." सोमवारी तो काउंटरमागे होता. त्या दोघांत पुढे त्यावर एक शब्द झाला नाही, असं येसूबानं मला नंतर सांगितलं.

त्याच रविवारी दुपारी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ते दवाखान्यातल्या त्यांच्या खुर्चीत बसले होते. त्रिशला दाराशी उभी होती.

"विलास, तू टेलिफोनातला. तुला विचारतो. ही तार काढून घेता येते का आपल्याला?"

"वरून पत्र असतं, डॉक्टर."

"मग नको. तुझी नोकरी जायला नको." त्यांनी मान डोलावली. "मी आयर्लंडातल्या माझ्या वर्गमित्राला, एमनला, पत्र लिहिलंय. कॉर्कला त्याचा दवाखाना आहे. दहा वर्षं बोलावतोय."

मला आधी कळलंच नाही. "किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही रे."

"डॉक्टर, पण तुम्ही घाबरणारे नाही."

"घाबरलो असतो तर सोपं होतं. घाबरलेला माणूस गप्प बसतो आणि राहतो." ते टेबलावरच्या काळ्या फोनकडे बघत होते. "परवा शिरोळहून एक बाई फोनवर बोलत होती. काय झालंय ते तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलं, बाई, निर्धास्त बोल, हे माझ्यापाशी राहील. आणि मागच्या खोलीत दोघं ऐकत बसलेले! पंचवीस वर्षं मी हे एकच वाक्य विकतोय, विलास. औषध तर कुणीही देतो. तेच खोटं झालं तर मी ह्या खुर्चीत बसून काय करू?"

"फोन बंद करून टाका."

"मग दारापाशी कोण येतं-जातं ते लिहायला माणूस बसवतील. मग टपाल. त्यांना मी नकोय असं नाही, त्यांना माझ्याकडे येणारी माणसं हवी आहेत. मी इथे आहे तोवर माझ्या उंबऱ्यावर जो पाय ठेवील त्याचं नाव लिहिलं जाईल. मी म्हणजे आता पिंजऱ्यातला राघू झालोय, दुसरे पक्षी धरायला ठेवलेला."

ते उठून आत गेले. अंगणातून मी निघालो तर त्रिशला फाटकापर्यंत आली.

"अण्णांना जायचं नाहीये," ती हळू म्हणाली. "रात्रभर आईच्या फोटोसमोर बसले होते. मला म्हणाले, तुला राहायचं असेल तर राहा. तुझा कुणी माणूस असेल तर सांग. त्यांना कळलंय आपलं."

"मग?"

"मग काय, विलास? ज्यानं तार जोडली त्याच्या घरी मी राहू?" हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मग एकदम बघितलं. "जोडलीस तशी काढ. एवढंच कर. ते परत जोडतील, मला माहीत आहे. जोडू देत दुसऱ्या कुणाला. पण गावात एक माणूस असा निघाला की ज्यानं आपल्यासाठी एक तार तोडली, तर मी अण्णांना अडवीन. मला अडवता येईल. आणि मीही..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते पुरं झालेलं मला दिसलं. इतक्या वर्षांत मी ते चेहऱ्यावरचं वाक्य कितीदा वाचलंय, त्याला गणती नाही.

"उद्या सकाळी काढतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

सोमवारी संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर ती माझी वाट बघत होती. मी सायकल लावायच्या आतच तिनं भुवया उंचावून विचारलं.

"काढली," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. मग माझ्या सायकलच्या हँडलवर, माझ्या हाताशेजारी, तिनं हात ठेवला. बाजारपेठेतल्या भर रस्त्यावर, दिवेलागणीच्या वर्दळीत. तसा पूर्वी तिनं कधी ठेवला नव्हता. आम्ही पुलापर्यंत चालत गेलो. ती दिवाळीला काय काय करणार ते सांगत होती. शंकरपाळे तिला जमत नाहीत आणि माझ्या आईकडून ती शिकून घेणार होती. पुलावर पाणी बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कॉर्कलाही नदी आहे म्हणे. अण्णा सांगतात. पण थंड असते."

तो आमचा शेवटचा फेरफटका.

मंगळवार, बुधवार, गुरुवार ती वाचनालयात आली नाही. शाळा सुटली की ती बस्तीत जाते, असं कुणीतरी म्हणालं. जैन देवळाला आमच्याकडे बस्ती म्हणतात. दिवाळीच्या आधीचे दिवस, काही व्रत असेल, असं मी धरून चाललो. बुधवारी मी सायकलवरून बस्तीपुढून गेलोही. ती समोरच्या कट्ट्यावर बसली होती, मांडीवर शाळेच्या वह्या होत्या. मी घंटी वाजवली. तिनं हात केला.

शुक्रवारी दुपारी ती एक्स्चेंजला आली. काउंटरवर मी होतो. नाडगौडा साहेब मागच्या टेबलावर पेपर वाचत होते. तिनं एक भरलेला अर्ज काचेखालून सरकवला. टेलिफोन परत करण्याचा अर्ज होता, दोनशे सतरा नंबरचा. खाली डॉक्टरांची सही.

मी अर्ज उचलला.

"बघून घ्या, सगळं भरलंय का," ती म्हणाली. 'घ्या' म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"कारण लिहिलेलं नाही," मी कसंबसं म्हणालो.

"लिहा. परदेशी जात असल्यामुळे."

मी लिहिलं. तिनं काचेच्या आणखी जवळ येऊन, साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितलं.

"मंगळवारी सकाळी मी सुनीतीला फोन केला. तिला म्हटलं, अण्णांचे सगळे कागद बस्तीत आहेत, ग्रंथांच्या कपाटात, खालच्या खणात. तिथे काहीच नव्हतं. हे मी तुला अडकवायला केलं नाही, विलास. मला फक्त खात्री हवी होती, म्हणजे अण्णांपुढे उभं राहून ठामपणे बोलता येईल."

मी पेन खाली ठेवलं.

"मंगळवारी कुणी आलं नाही. मला इतका आनंद झाला. बुधवारी कुणी आलं नाही. काल पाचपर्यंत कुणी आलं नाही. मी वह्या आवरल्या. म्हटलं, झालं, आता घरी जाऊन अण्णांना सांगायचं. तेवढ्यात जीप आली." तिचा आवाज तसाच शांत होता. "बस्तीतल्या पुजाऱ्यांना, उपाध्यांना, कपाट उघडायला लावलं. ग्रंथ बाहेर फेकले, त्यांना बांधलेले रुमाल सोडून. म्हातारा खाली बसून गोळा करत होता. ते माझं पाप आहे, ते मी भोगीन. तीन दिवस मी तिथे बसून एकच मागत होते, कुणी येऊ नये म्हणून."

"त्रिशला..."

"पावती देता?"

मी पावती फाडून दिली. ती घेऊन ती गेली.

आता सांगतो, सोमवारी काय झालं. सकाळी साडेनऊला मी फ्रेमपाशी गेलो होतो. पक्कड माझ्या हातात होती. दोनशे सतराची जोडी समोर होती, तिच्यातून निघालेली माझीच पांढरी-निळी तार. एकदा दाबलं की संपलं असतं. नाडगौडा साहेब मागून आले, "च्या घेतलास का रं?" म्हणाले आणि गेले. एवढंच. कुणी दरडावलं नाही, कुणी धमकी दिली नाही. माझं कायम झाल्याचं पत्र त्या महिन्यात यायचं होतं. घरी आई खोकत होती. मी मनाशी म्हटलं, उद्या काढू. पक्कड खिशात ठेवली. आणि संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा 'काढली' म्हणालो, कारण उद्या काढायचीच होती. मंगळवारी तेच म्हटलं. बुधवारी ती कट्ट्यावर बसलेली दिसली, मी घंटी वाजवली आणि ऑफिसात जाऊन फ्रेमपुढून तसाच निघून गेलो. गुरुवारी तर मी विसरलोच होतो.

पौषात ते गेले. जायच्या आदल्या दिवशी फोनचं यंत्र काढून आणायला खात्यानं मलाच पाठवलं. घरात पेट्या बांधलेल्या होत्या. येसूबा दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. मी जिन्याखालची डबी उघडली, तारा सोडवल्या. त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बापाला काही सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी काळा फोन स्वतःच्या हातानं उचलून माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आम्हाला सावध करणारा कोण होता ते हिनं मला सांगितलं नाही," ते म्हणाले. "पण मी काही खुळा नाही. टेलिफोनात माझं दुसरं कोण आहे? नोकरी पणाला लावून बोललास, पोरा. तुझ्यासारखी चार माणसं असती ना ह्या गावात, तर मी पेटी उघडून सामान परत लावलं असतं."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. उठलो तेव्हा त्रिशला दारात नव्हती. आतून भांडी पोत्यात भरल्याचा आवाज येत होता.

मिरज स्टेशनवर मी गेलो नाही. गावातली वीसेक माणसं गेली होती. येसूबा गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत चालला म्हणे.

नोकरी कायम झाली. आई आणखी सहा वर्षं जगली. मी लग्न केलं, बायको चांगली मिळाली, दोन मुलं झाली. एक्स्चेंजातली ती फ्रेम भंगारात गेली, मी सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. मगदूम डॉक्टर तिकडेच वारले, त्यालाही वीस वर्षं झाली. हे मला पेपरात दोन ओळींत कळलं. पत्र कधी आलं नाही, आणि मला लिहायला पत्ता नव्हता असं नाही.

आमच्या गल्लीतल्या बापू सुताराची अश्विनी नर्स झाली आणि आयर्लंडला गेली. कॉर्कलाच. गेल्या वैशाखात सुट्टीवर आली तेव्हा आमच्याकडे भेटायला आली. बायको आत चहा टाकत होती. अश्विनी तिथल्या गोष्टी सांगत होती आणि सहज म्हणाली, "काका, तिथे आपल्या गावच्या एक बाई आहेत. मगदूम बाई. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात. केस सगळे पांढरे. दिवाळीला आम्हा मराठी मुलींना घरी बोलावतात. शंकरपाळे करतात, पण जमत नाहीत त्यांना."

"बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत की. आणि सगळ्या गावाची विचारपूस करतात हो! नदीला पाणी किती असतं, येसूबाच्या घरी आता कोण राहतं, बस्तीला रंग कुठला दिलाय, शाळेचा तो शिपाई आहे का गेला. एकेकाचं नाव घेऊन. मला अर्ध्याहून जास्त माणसं ठाऊक नव्हती."

मी कपबशी पुढे ओढली. "माझं?"

अश्विनी जरा अडखळली. "तुमचं नाव मीच काढलं, काका. म्हटलं, टेलिफोनातले कुंभारकाका आमच्या शेजारीच राहतात. तर त्या उठल्या आणि खिडकी लावायला गेल्या. वारं येतं म्हणाल्या. मग येऊन बसल्या आणि दुसरंच बोलायला लागल्या."

"काही म्हणाल्या नाहीत?"

"नाही."

"खिडकी लावायला किती वेळ लागला?"

अश्विनी हसली. "आता ते कोण मोजतं, काका?"

"तरी."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू ओसरलं. ती आठवू लागली, मनात ती खोली आणून.

"बराच," ती म्हणाली. "बराच वेळ लागला."